वडील फोटोत, आई समोर: दोघांचं एकत्र तैलचित्र करून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आईचा ७५ वा वाढदिवस साडेतीन महिन्यांवर आलाय आणि तिला दोघांचं एकत्र तैलचित्र द्यायचंय. वडिलांचे जे फोटो आहेत ते सगळे मोबाइलवरचे. चित्रकार कसा निवडायचा, त्याला काय द्यायचं, वेळ किती लागतो, आणि हाताने रंगवलेलं म्हणून कुणी छापील कॅनव्हास गळ्यात मारला तर ओळखायचं कसं?

पंचवीसेक वर्षं मी पोर्ट्रेटच करतोय आणि त्यातली बरीचशी अशीच, गेलेल्या माणसांची. त्या अनुभवावरून तुमचा क्रम थोडा उलटा करतो. चित्रकार शोधायच्या आधी वडिलांचा फोटो ठरवा. या सगळ्या खटाटोपात तेवढी एकच गोष्ट आता बदलता येणार नाही. आईला हवं तसं बसवता येईल, कपडे बदलता येतील, दुसऱ्या खिडकीशी नेता येईल. वडिलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो पडला. म्हणून आधी त्यांचा फोटो आणि मग त्याला जुळवून आईचा. बहुतेक लोक दोघांचे आपापले आवडते फोटो आणून देतात. मग एकाच्या नाकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, एक कॅमेरा वरून धरलेला, दुसरा खालून. असे दोघं एका कॅनव्हासवर आणले की ती कात्रणं चिकटवल्यासारखीच दिसतात, चित्रकार कितीही तयारीचा असो.

घरातला लाडका फोटो आणि रंगवायला चांगला फोटो, हे क्वचितच एक असतात. लाडक्या फोटोत माणूस खळखळून हसत असतो, समोरून फ्लॅश मारलेला असतो आणि त्या दिवसाची आठवण त्याला चिकटलेली असते. पण समोरच्या फ्लॅशने चेहऱ्याचा उठाव पुसला जातो. भुवईखालची, नाकाच्या कडेची, गालाच्या हाडाखालची सावली जाते, आणि चेहरा ओळखू येतो तो बराचसा त्या सावल्यांमुळे. मी शोधतो तो फोटो बहुधा कुणाच्या लक्षातही नसतो. माणूस खिडकीजवळ काहीतरी वाचतोय, कुणीतरी हाक मारली, त्याने मान वर केली आणि तेवढ्यात टिपला. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला मऊ सावली, डोळे स्पष्ट, तोंड मिटलेलं. मोकळं हसू फोटोत गोड दिसतं, कारण फोटो म्हणजे एक क्षण हे आपण धरूनच चालतो. तेच हसू भिंतीवर वर्षानुवर्षं बघायचं म्हटलं की दात दिसायला लागतात आणि माणूस दिसेनासा होतो. जुन्या काळची पोर्ट्रेट बहुतेक मिटल्या तोंडाची आहेत, त्याला तासन्‌तास हसत बसणं अशक्य होतं हे एक कारण आहेच. पण मिटलेलं तोंड रोज नव्याने वाचता येतं, हेही आहे.

मोबाइलच्या फोटोंची आणखी एक गंमत आहे. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक खरं असतं त्यापेक्षा मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोष लेन्सचा कमी आणि अंतराचा जास्त. पाच-सहा फुटांवरून काढलेला फोटो चेहऱ्याशी जास्त प्रामाणिक असतो. सेल्फी असेल तर काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा जतन होतो. भांग कुठल्या बाजूला होता, तीळ कुठल्या गालावर होता, हे घरच्यांना विचारून पक्कं करा. मी एकदा असाच उलटा चेहरा जवळजवळ पूर्ण रंगवला होता. काहीतरी खटकतंय एवढंच घरचे म्हणत राहिले, काय ते कुणालाच सांगता येईना. शेवटी घड्याळ कुठल्या हाताला बांधलंय ते कुणीतरी बघितलं.

एक मुख्य फोटो ठरला तरी बाकीचे फेकू नका. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा संगमरवरी अर्धपुतळा रोममध्ये बसून बर्निनी या शिल्पकाराला घडवायचा होता. राजा रोमला जाणार नाही, बर्निनी इंग्लंडला येणार नाही. तेव्हा व्हॅन डाइक या चित्रकाराने १६३५-३६ मध्ये एकाच कॅनव्हासवर राजाचे तीन चेहरे रंगवले, समोरून, बाजूने आणि तिरपे, आणि ते चित्र रोमला गेलं. समोर नसलेला माणूस घडवायचा तर एका कोनावर भागत नाही, हे तेव्हाच्या मोठ्या लोकांनाही माहीत होतं. तुमच्या वडिलांचे दहा-पंधरा फोटो द्या. धूसर चालतील, लग्नाच्या गर्दीतले चालतील. कान कसे होते, मानेला बाक किती होता, खांदे उतरते की सरळ, हे त्यातूनच कळतं. फक्त मूळ फाइल द्या. मेसेजिंग ॲपमधून चार वेळा फिरून आलेला फोटो प्रत्येक फेरीत थोडा थोडा झिजतो, आणि झिजतात ते नेमके पापण्यांचे आणि ओठांच्या कडांचे तपशील. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर लागलेला फोटो तर देऊच नका. सुरकुत्या नसलेला म्हातारा चेहरा मला हाडांचा अंदाजच देत नाही.

रंगाचं काय? मोबाइल दिव्याखाली पिवळा पडतो, ढगाळ दिवशी निळा. वडिलांचा वर्ण त्यावरून ठरवता येत नाही. मी अशा वेळी घरातल्या ज्याचा वर्ण गेलेल्या माणसाच्या जवळचा असेल त्याला, मुलगा असो वा भाऊ, तासभर खिडकीशी बसवतो आणि एका छोट्या बोर्डावर त्याच्या त्वचेचे रंग तेवढे उतरवून घेतो. कपाळ, गाल आणि हनुवटी यांचे रंग वेगवेगळे असतात. फोटो ते सगळं एकाच पिठात कालवून टाकतो. शर्टाचंही तसंच. वडिलांचा एखादा सदरा ठेवला असेल तर तो त्यांच्याच बांध्याच्या माणसाला घालून फोटो काढा. चुण्या कल्पनेने रंगवल्या की खांदे लाकडी दिसतात.

आता आई. वडिलांच्या फोटोत उजेड डावीकडून असेल तर आईलाही तसंच बसवा, उजेड डावीकडूनच. कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, अंतर तेवढंच. शक्य असेल तर हे काम चित्रकारालाच करू द्या. ते चित्रकाराच्याच कामाचा भाग आहे, उपकार नव्हे. चित्र गुपित ठेवायचं असेल तर थोडी बनवाबनवी करावी लागेल, पण प्रत्यक्ष एक बैठक मिळाली तर चित्र कुठल्या कुठे जातं. अर्धा तास बोलताना माणसाची मान जशी कलते ती फोटोत सापडत नाही. गुपिताचा हट्ट सोडता आला तर सोडा, असं माझं मत. आणि एक लक्षात असू द्या. आईला स्वतःचा चेहरा रोज आरशात दिसतो, म्हणजे उलटा. चित्रातला स्वतःचा चेहरा तिला जरा परका वाटेल, तुम्हा मुलांना मात्र तोच अगदी बरोबर वाटेल. तिची नापसंती आली तर लगेच चित्रकाराकडे धावू नका, आठवडाभर भिंतीवर राहू द्या.

यातूनच तो अवघड प्रश्न येतो, जो तुम्ही विचारलेला नाही. चित्रात दोघांची वयं काय? वडील गेले त्या वयाचे आणि आई आजची? की दोघं दहा वर्षांपूर्वीचे? दोन्ही चालतं, पण ठरवायला हवं, आणि आधी ठरवायला हवं. माझ्याकडे एका घरातून तीन भावंडं आली होती. मोठ्याला वडील कर्ते, काळ्या केसांचे हवे होते. धाकटीने ते तसे कधी पाहिलेच नव्हते. चित्र पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, हे आमचे बाबा नाहीत. ती खोटं बोलत नव्हती. त्यानंतर मी कामाला हात लावण्याआधी एवढंच विचारतो: हे चित्र कुणासाठी आहे? तुमच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, आईसाठी. मग तिच्या मनातले ते कुठल्या वयाचे, हे तिच्या बोलण्यातून काढून घ्या. ज्याचं चित्र त्याच्या मनाविरुद्ध झालं की काय होतं याचं टोकाचं उदाहरण चर्चिलचं. ८० व्या वाढदिवसाला, १९५४ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी त्यांना ग्रॅहम सदरलंडने रंगवलेलं पोर्ट्रेट भेट दिलं. चित्र म्हणून ते दमदार होतं, चर्चिलना ते अजिबात आवडलं नाही, आणि घरी गेल्यावर ते नष्ट केलं गेलं. बाहेरच्या जगाला हे कळलं १९७८ मध्ये, त्यांच्या पत्नीच्या मृत्यूनंतर.

चित्रकार निवडताना फोटोतली चित्रं बघून भाळू नका. स्टुडिओत जा. हे शक्यच नसेल तर निदान व्हिडिओ कॉलवर चालू असलेलं काम दाखवायला सांगा, आज हे सांगावंच लागतं, कारण यंत्राने बनवलेली चित्रं स्वतःची म्हणून दाखवणारे आहेत. मागायचं ते हे: चार-पाच पूर्ण पोर्ट्रेट, प्रत्येकाच्या शेजारी ज्या फोटोवरून ते केलं तो फोटो. त्यात म्हातारे चेहरे किती आहेत बघा. तरुण, गोल चेहऱ्यांत बरंच काही लपतं. सगळ्या माणसांचे डोळे किंवा जिवण्या एकसारख्या दिसतात का तेही बघा. काही चित्रकारांचा हात एकच तोंड काढायला बसलेला असतो आणि ते प्रत्येकाला बसवतात. पोर्ट्रेट म्हणजे तोंडात काहीतरी चुकलेलं चित्र, अशी आमच्या धंद्यातली जुनी थट्टा आहे आणि ती जॉन सिंगर सार्जंट या पोर्ट्रेट चित्रकाराच्या नावावर खपवतात. आणि चित्रकाराची जी शैली आहे तीच मागा. मोकळ्या, जाड फटकाऱ्यांत काम करणाऱ्याला एक-एक केस मोजून काढायला सांगितलं तर त्याचंही काम बिघडतं आणि तुमचंही. स्वतः रंगवणार की मदतनीस, हेही स्पष्ट विचारा. चांगला चित्रकार या प्रश्नाने चिडत नाही. फुकट नमुना करून दाखवा म्हटलं तर मात्र चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे.

फसवणुकीबद्दल. सगळ्यात जास्त चालते ती ही: फोटोवर संगणकात चित्रासारखा परिणाम देतात, तो कॅनव्हासवर छापतात आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. हाताला खडबडीत लागतं, लांबून रंगवल्यासारखं दिसतं. साधं भिंग घ्या. छपाई असेल तर रंगांचे बारीक ठिपके दिसतात. मग खोलीतले दिवे बंद करून बाजूने, कॅनव्हासला जवळजवळ समांतर, टॉर्च मारा. खऱ्या चित्रात फटकारा गालाच्या गोलाईबरोबर वळतो, उजळ जागी रंग जाड असतो आणि सावलीत पातळ. जेलचे फटकारे चित्रात काय आहे याची पर्वा न करता सगळीकडे सारखेच फिरलेले असतात. तरी हे सगळं चित्र हातात आल्यावरचं. त्यापेक्षा सुरुवातीलाच टप्प्याटप्प्याचे फोटो मागून घ्या: रेखाटन, एकरंगी पहिला थर, पहिले रंग, मग पुढचं. छापणाऱ्याकडे मधले टप्पे नसतात. अॅक्रिलिकचा (पाण्यात कालवायच्या रंगाचा) पहिला थर आणि वर तैलरंग ही मात्र लबाडी नव्हे, ती रूढ पद्धत आहे. उलटं, म्हणजे तैलरंगावर अॅक्रिलिक, कधीच नको, ते धरून राहत नाही.

साडेतीन महिने पुरतील का? पुरतील, पण उद्या सुरू केलं तर. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. अंबरसारखे तपकिरी मातीचे रंग एक-दोन दिवसांत हाताला वाळतात, पांढरा आणि काही लाल-काळे आठवडाभर किंवा त्याहून जास्त ओले राहतात. शिवाय थर चढवायचा नियम आहे, खाली कमी तेलाचा, वर जास्त तेलाचा. तो मोडून घाई केली तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि पुढे तडे जातात. दोन चेहऱ्यांचं चित्र मी साधारण सहा ते आठ आठवड्यांत करतो, त्यात प्रत्यक्ष रंगवण्याइतकाच वेळ थांबण्यात जातो. लवकर वाळणारं अल्किड माध्यम वापरणारे आहेत, त्यात काही वावगं नाही. पण हेअर ड्रायरने वाळवून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून उठा.

रेखाटन दाखवतील तेव्हा नीट बघा, कारण बदल स्वस्तात होतात ते तेव्हाच. दोन डोळ्यांतलं अंतर, कुणाचं डोकं किती वर, कोण पुढे कोण मागे, हे सगळं तेव्हा बोला. रंग चढल्यावर डोळा पाव इंच सरकवायचा म्हणजे आख्खा चेहरा खरवडणं. नंतरच्या टप्प्यांत काय करायचं ते सांगू नका, काय वाटतं ते सांगा. ‘भुवई वर घ्या’ म्हणालात तर मी भुवई वर घेईन आणि चेहरा दचकलेला दिसेल. ‘बाबा रागावल्यासारखे वाटतात’ म्हणालात तर कारण मी शोधेन, आणि ते बहुधा भुवईत नसून ओठांच्या कोपऱ्यात निघेल. आणि घरातून बोलणारं माणूस एकच ठेवा. पाच जणांनी सुचवलेले पाच बदल करून झालेला चेहरा कुणाचाच राहत नाही.

आकाराबद्दल लोक दोनच चुका करतात, फार छोटं किंवा फार मोठं. माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण नऊ इंच असतं. चित्रात ते त्याहून किंचित लहान ठेवलं तर बघणाऱ्याला स्वाभाविक वाटतं. खऱ्यापेक्षा मोठं झालं की चेहरा अंगावर येतो. दोघांच्या छातीपर्यंतच्या चित्राला २४ × ३० इंच हे मी कमीत कमी धरतो, ३० × ३६ असेल तर श्वास घ्यायला जागा मिळते. वर्तमानपत्र त्या मापाचं कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस येता-जाता बघा. हात दाखवायचे असतील तर आधी सांगा, हात चेहऱ्याइतकेच वेळखाऊ असतात आणि खर्चही त्या प्रमाणात वाढतो. पार्श्वभूमी साधी ठेवा. ठसठशीत नक्षीचे कपडे टाळा, नाहीतर नजर आधी तिकडे जाते.

सामानाची चौकशी करायला लाजू नका. लिनन कॅनव्हास की सुती, रंग व्यावसायिक दर्जाचे की विद्यार्थ्यांचे, आणि ते प्रकाशाला टिकणारे आहेत का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण जोशुआ रेनल्ड्ससारख्या नामांकित चित्रकाराने त्वचेसाठी वापरलेले तांबडे रंग त्याच्या हयातीतच उडाले आणि त्याने रंगवलेली माणसं फिकट, रक्त उतरल्यासारखी दिसायला लागली. आजही पारंपरिक अॅलिझारिन क्रिम्झन हा गडद लाल रंग पातळ थरात विटतो. क्विनाक्रिडोनचे लाल त्या जागी जास्त भरवशाचे.

व्यवहार लिखित ठेवा, एक पानभर पुरे. आकार, माध्यम, किती चेहरे, टप्पे, किती वेळा बदल, तारीख, फ्रेम कुणाची, अर्ध्यावर थांबवलं तर काय. पैसे तीन भागांत देणं दोघांच्याही सोयीचं: सुरुवातीला, रेखाटन मंजूर झाल्यावर, आणि चित्र हाती येताना. सगळी रक्कम आधी मागणारा आणि एक पैसाही आगाऊ न देणारा, दोघांपासूनही जपून. चित्राच्या कॉपीराइटचंही लिहून घ्या, कारण देशागणिक कायदा उलटा आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यात वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला हक्क करून घेणाऱ्याचा, ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तो चित्रकाराचा. चित्राच्या प्रती भावंडांसाठी छापायच्या असतील किंवा चित्रकाराने ते प्रदर्शनात मांडायला तुमची हरकत असेल, तर हा मुद्दा उद्या भांडणाचा होऊ शकतो.

वाढदिवसाच्या दिवशी चित्रावर अंतिम व्हार्निश नसेल, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे काही जागा चकाकतात आणि काही मंद का दिसतात असं वाटणार नाही. पारंपरिक व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबूनच लावायचं असतं, आतला रंग पुरता घट्ट झाल्यावर. हल्लीची काही व्हार्निश थोडी लवकर चालतात, तो निर्णय चित्रकाराचा. तोवर हवं तर हलका तात्पुरता थर देता येतो. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मी महिन्याभरात व्हार्निश लावलं होतं. दोन वर्षांनी ते चित्र दुरुस्तीला परत आलं आणि ती दुरुस्ती मी पदरमोड करून केली.

फ्रेम करताना काच नको. थेट ऊन आणि ओलीची भिंत टाळा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडा, ओलं फडकं कधीच नको. आणि जपून ठेवायचं म्हणून कापडात गुंडाळून कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलंच तर उजेडात टांगल्यावर बरंचसं निवळतं. कॅनव्हास पुढेमागे सैल पडला तर मागे कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या हलक्या हाताने ठोकून तो ताणता येतो, पण पहिल्यांदा चित्रकारालाच करू द्या.

चित्र घरी न्यायच्या आधी ते उलटं करा आणि मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने दोघांची नावं, साल आणि व्हार्निशसाठी परत आणायचा महिना लिहून घ्या. कॅनव्हासच्या पाठीवर लिहू नका. शाई झिरपते, आणि पेन्सिल दाबून चालवली तर पुढे उमटते.